वेगासाठी पोलिसांनी हात दाखवला तर काय करायचं? नव्या चालकांसाठी पायरी-पायरीने

बोरघाटातून खोपोलीकडे उतरताना गाडी आपली आपण पळते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी काटा वर सरकत राहतो. गाडी शिकून मला सहा महिनेही झाले नव्हते आणि मागच्या सीटवर आई आणि मावशी होत्या. घाट उतरल्यावर हवालदारांनी हात दाखवला, तेव्हा मला आधी वाटलं पुढच्या गाडीला थांबवतायत. त्यांच्या यंत्रावर आकडा होता ८४. घाटात कारला मर्यादा ६०.

पुढच्या दहा मिनिटांत मी जवळजवळ सगळं चुकीचं केलं. लायसन्स डिकीतल्या बॅगेत होतं. ते काढायला मी रस्त्याच्या बाजूने उतरलो आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. एक कंटेनर माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. हवालदारांनी मला दंडाला धरून आत ओढलं. त्या दिवशी भरलेले पैसे मी कधीच विसरलो, पण त्या कंटेनरचा वारा अजून अंगावर येतो. म्हणून हा लेख. पहिल्यांदाच अडवलं गेल्यावर काय करायचं हे कुणीतरी आधी नीट सांगितलेलं असावं, एवढीच इच्छा आहे.

यातलं सगळं महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरचं आहे. कायदा देशभर एकच, मोटार वाहन कायदा १९८८, पण दंडाचे आकडे आणि ॲप राज्याराज्यांत वेगळे असतात.

१. निघण्याआधी कागद तयार ठेवा

हे लागतात:

- ड्रायव्हिंग लायसन्स
- गाडीचं आरसी
- चालू विमा
- चालू पीयूसी
- भाड्याची किंवा मालवाहू गाडी असेल तर परमिट आणि फिटनेस

हे कागद मूळ स्वरूपात जवळ हवेतच असं नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले कागद कायद्याने चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्येच तशी सोय आहे. मात्र ॲपमधला कागद वेगळा आणि गॅलरीतला फोटो वेगळा. लायसन्सचा मोबाईलवर काढलेला फोटो, स्क्रीनशॉट किंवा झेरॉक्स दाखवली तर पोलीस ती नाकारू शकतात. घाटात आणि बोगद्यांच्या आसपास रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे घरून निघतानाच ॲप उघडून कागद त्यात उतरवून घेतलेत ना ते बघा.

पीयूसीची तारीख मुद्दाम तपासा. वेगासाठी अडवलं जातं आणि संपलेली पीयूसी, मागच्या सीटवरचे न लावलेले पट्टे, काचेवरची काळी फिल्म असं एकेक जोडत चलन वाढत जातं. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

२. आपल्या गाडीची मर्यादा किती, ते माहीत करून घ्या

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये कमाल वेग ठरवून दिले. कारसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहराच्या हद्दीत ७०. दुचाकीला चौपदरी रस्त्यावर ८० आणि शहरात ६०. पण हे कमाल आकडे झाले. राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला कोणत्याही रस्त्यावर याहून कमी मर्यादा लावता येते, आणि ती लावलेली असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या नावातच द्रुतगती आहे, म्हणून तिथे १२० चालतो असं अनेक नवे चालक धरून चालतात. तिथे कारला सपाटीवर १०० आणि घाटात ६० आहे. समृद्धी महामार्गावर मात्र सपाटीला १२० आणि घाटात १००.

दुसरा घोळ गाडीच्या प्रकाराचा. कारची मर्यादा म्हणजे चालक सोडून आठ प्रवाशांपर्यंतच्या गाडीची. तुम्ही लग्नाला वऱ्हाड घेऊन टेम्पो ट्रॅव्हलर चालवत असाल तर तुमची मर्यादा कमी आहे. समृद्धीवर ती सपाटीला १०० आणि घाटात ८०. पिकअप किंवा छोटा टेम्पो दिसायला कारएवढा असला तरी आरसीवर तो मालवाहू असतो आणि समृद्धीवर त्याला ८० ची मर्यादा आहे. शेतमाल घेऊन नाशिकहून, संभाजीनगरहून निघणाऱ्या कितीतरी जणांची चलनं यामुळेच निघतात. बाजूची कार शंभरने गेली म्हणून आपणही गेलो, असं होतं.

आणि गाडीतल्या बीपवर विसंबू नका. १ जुलै २०१९ नंतर तयार झालेल्या कारमध्ये ८० ला अधूनमधून आणि १२० ला सतत बीप वाजतो. त्या बीपला तुम्ही कुठल्या रस्त्यावर आहात हे कळत नाही. घाटात ७५ ने उतरताना गाडीत पूर्ण शांतता असते.

३. हात दाखवला की थांबायचं कसं

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुणी शिकवत नाही.

जोरात ब्रेक मारू नका, मागून येणाऱ्याला तुमच्यासमोरचे पोलीस दिसलेले नसतात. डावा इंडिकेटर द्या, आरसा बघा, एकेक लेन बदलत डावीकडे या. तिसऱ्या लेनमधून एकदम तिरकं कापत येणं हा मी पाहिलेला सगळ्यात भयंकर प्रकार आहे. जागा चुकून थोडं पुढे गेलात तरी चालेल, पुढे सुरक्षित जागी थांबा. रिव्हर्स घेऊन मागे मात्र कधीही येऊ नका, द्रुतगती मार्गावर तर नाहीच.

थांबल्यावर पार्किंग लाइट लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. काच खाली घ्या. बाकीच्यांना गाडीतच बसू द्या, लहान मुलं असतील तर दारं लॉक ठेवा. पोलिसांनी खाली उतरायला सांगितलं तर आधी आरसा बघा. शक्य असेल तर डाव्या बाजूने उतरा आणि गाडीच्या मागे उभं न राहता रेलिंगच्या बाजूला सरका. मागून धडक बसलीच तर ती गाडीच्या मागच्या भागाला बसते.

पळून जायचा विचार मनातसुद्धा आणू नका. नंबर यंत्रात आलेला असतो, आणि थांबण्याचा आदेश न पाळणं हा कलम १७९ खाली वेगळा गुन्हा आहे.

४. बोलायचं काय

पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो, "किती स्पीड होता माहितीये का?" खरं उत्तर द्या. माहीत नसेल तर "लक्ष नव्हतं साहेब" म्हणा. "मी साठनेच होतो" असं ठामपणे म्हटलं आणि यंत्रावर ८४ निघाला, की पुढचं बोलणं अवघड होऊन बसतं.

गणवेशातल्या पोलिसांनी मागितल्यावर लायसन्स दाखवणं कलम १३० नुसार तुम्हाला बंधनकारक आहे. त्यावर वाद घालू नका. त्यांच्या छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचून नाव लक्षात ठेवा. एवढं पुरतं. साहेब, मॅडम, दादा, जे तोंडात बसेल ते म्हणा, पण आवाज खाली ठेवा. दिवसभर उन्हात, धुरात, ट्रकच्या कडेला उभं राहून त्यांनी तुमच्या आधी चाळीस जणांची कारणं ऐकलेली असतात.

ओळखी सांगू नका. कुणाला फोन लावून "जरा बोला" म्हणत मोबाईल पुढे करू नका. यंत्रात नोंद झाली असेल तर फोनने ती पुसली जात नाही, उलट समोरच्याचा सूर बदलतो.

किल्ली काढून घेण्याबद्दल लोक खूप विचारतात. चालकाच्या हातून किल्ली हिसकावून घेण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. पण कुणी तसं केलंच, तर तिथे झटापट करू नका. ज्याला सगळे अजूनही "३५३" म्हणतात ते कलम आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे. ड्युटीवरच्या माणसाच्या अंगाला हात लागला की दोन हजारांचं प्रकरण फौजदारी होतं. वेळ, जागा आणि नाव लिहून ठेवा, तक्रार नंतर वरिष्ठांकडे करा.

५. रीडिंग बघायला मागा

हा तुमचा हक्क आहे आणि तो नम्रपणे मागितला तर बहुतेक वेळा दाखवतात. "साहेब, फोटो आणि रीडिंग बघू शकतो का?" एवढं वाक्य पुरेसं आहे.

वेगाच्या गुन्ह्यात यंत्राला महत्त्व का, तेही समजून घ्या. कलम १८३ मध्येच लिहिलं आहे की, "माझ्या मते ही गाडी जास्त वेगात होती" एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला दोषी धरता येत नाही. ते मत एखाद्या यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेलं असावं लागतं. म्हणून इंटरसेप्टर गाडीत स्पीडगन असते, आणि म्हणून फोटो असतो.

फोटोत चार गोष्टी बघा: नंबर प्लेट तुमचीच आहे का, वेग किती, वेळ आणि ठिकाण कोणतं, आणि मर्यादा कोणती धरली आहे. दोन गाड्या शेजारी असतील तर मोजणी कुठल्या गाडीची आहे तेही विचारा. चारही गोष्टी बरोबर असतील तर तिथे वाद संपला. माझ्या बाबतीत बरोबर होत्या.

६. चलन, दंड आणि "मिटवून टाकू"

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम किंवा जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. कारच्या चलनावर २,००० दिसतात.

चलन यंत्रावर तयार होतं. तिथेच कार्डाने किंवा यूपीआयने भरता येतं. पैसे नसतील, किंवा चलन मान्य नसेल, तर "अनपेड ठेवा" म्हणा, नंतर ऑनलाइन भरता येतं. तिथल्या तिथे भरलंच पाहिजे अशी सक्ती नाही. कोणत्याही परिस्थितीत चलन क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. भरलं असेल तर पावती घ्या.

आणि आता ते दुसरं. कधी कुणी सुचवतं, कधी मागच्या सीटवरचे काका सुचवतात: "पाचशे देऊन टाक, कशाला पावती फाडायची?" देऊ नका. २०१८ पासून लाच देणारासुद्धा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हेगार आहे. भाग पाडून पैसे घेतले गेले असतील, तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

मला याबद्दल फार तीव्रपणे वाटतं, कारण पावतीशिवाय दिलेले पाचशे रुपये कुठेच नोंदले जात नाहीत. तोच माणूस त्याच घाटात पुढच्या आठवड्यात तसाच उतरतो, आणि त्याच्या पुढे कुणाची तरी स्कूल व्हॅन असते.

७. दुसऱ्यांदा सापडलात तर

इथे बरेच जण बेसावध असतात. पहिल्यांदा दंडावर सुटका होते. दुसऱ्यांदा आणि त्यानंतर लायसन्स जप्त करण्याची तरतूद कलम १८३ मध्ये आहे. कलम २०६ खाली लायसन्स घेऊन ते निलंबनाच्या कारवाईसाठी आरटीओकडे पाठवलं जातं. तेव्हा तात्पुरती पोचपावती मिळते, ती घ्याच. पण लक्षात ठेवा, या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत तुम्ही चालक नाही. "पावती आहे ना" म्हणत रोज कामाला गाडी नेणारा एक शेजारी मला माहीत आहे. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

वेगाबरोबर बेदरकारपणे लेन कापणं असेल तर कलम १८४ लागू शकतं, आणि त्यात तुरुंगवासाचीही शिक्षा आहे. तिथे या लेखावर विसंबू नका, वकील गाठा.

नोकरीत गाडी चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मालकाने दिलेलं वेळापत्रकच असं असेल की वेगमर्यादा मोडल्याशिवाय ते पाळता येणार नाही, तर ते वेळापत्रक मालकाच्या विरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतं. तेही कलम १८३ मध्येच आहे. "चार तासांत नागपूर गाठ" असा मेसेज आला असेल तर तो डिलीट करू नका.

८. कुणी अडवलंच नाही, पण चलन आलं

आता निम्म्याहून जास्त वेळा पोलीस समोर येतच नाहीत, काम कॅमेरा करतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू आहे. ती एका ठिकाणचा वेग मोजतेच, शिवाय दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलं यावरून सरासरी वेगही काढते. त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि गेला की पुन्हा ॲक्सिलरेटर, हे तिथे चालत नाही.

कॅमेऱ्याच्या चलनाचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले, नियम १६७-अ. त्यानुसार गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस निघायला हवी. नोटिशीत नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम हवं. कॅमेरे असलेल्या पट्ट्याआधी सूचनाफलकही असायला हवा. हरकत घ्यायची असेल तर या यादीशी आपलं चलन ताडून बघा.

मेसेज आरसीला जोडलेल्या मोबाईलवर जातो. तो नंबर जुना असेल तर तुम्हाला काहीच कळत नाही आणि चलनं साचत राहतात. आजच परिवहनच्या संकेतस्थळावर जाऊन नंबर तपासा. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा चालवत असेल तर चलन वडिलांच्या नावावर जातं, हेही घरात बोलून ठेवा.

एक मोठा सापळा. "तुमचं चलन थकीत आहे" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतो आणि खाली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते. ती उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो आणि बँक खातं रिकामं होतं. पोलीस किंवा आरटीओ कधीही एपीके पाठवत नाहीत. चलन बघायचं तर स्वतः महाट्रॅफिक ॲप किंवा महाट्रॅफिकचं ई-चलन संकेतस्थळ उघडा. पत्त्याच्या शेवटी "डॉट जीओव्ही डॉट इन" असलंच पाहिजे. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकले की चलन फोटोसकट दिसतं. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा. माझ्या नात्यातल्या एका काकांनी घाबरून फाइल उघडली होती.

९. चलन चुकीचं असेल तर

भरण्याआधी हरकत घ्या. भरलं म्हणजे तुम्ही तडजोड मान्य केली, मग मागे फिरणं कठीण.

महाट्रॅफिकवर तक्रारीची सोय आहे. चलन क्रमांक, आरसी, आणि तुमच्या गाडीचा नंबर प्लेटसह पुढून-मागून काढलेला फोटो जोडा. कॅमेऱ्याने ८ चा ३ किंवा बी चा डी वाचला असेल तर फोटोतली गाडी आणि तुमची गाडी वेगळी दिसते, आणि अशी तक्रार लवकर निकाली निघते. तुमचाच नंबर दुसऱ्या गाडीवर लावलेला दिसला तर मात्र नुसत्या ऑनलाइन तक्रारीवर थांबू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे दाखवणाऱ्या फास्टॅगच्या नोंदी, पार्किंगच्या पावत्या कामी येतात.

तक्रार फेटाळली गेली तर न्यायालयाचा मार्ग उरतो. न भरलेली चलनं शेवटी तिथेच जातात, काही व्हर्च्युअल कोर्टात. लोकअदालतीतही थकीत चलनं तडजोडीला ठेवली जातात. त्याची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. नोटिशीवर मुदत लिहिलेली असते, ती कॅलेंडरवर मांडून ठेवा.

१०. जुनी गाडी घेताय?

पैसे देण्याआधी नंबर टाकून थकीत चलनं बघा आणि ती आधीच्या मालकाकडून भरून घ्या. नाव बदलताना ती आड येतात. गाडी विकत असाल तर उलट काळजी: आरसीवर नाव बदलेपर्यंत घेणाऱ्याची सगळी चलनं तुमच्या मोबाईलवर येत राहतील. विक्रीची तारीख आणि वेळ लिहिलेला डिलिव्हरीचा कागद दोघांच्या सह्यांनी करून ठेवा.

शेवटी त्या घाटाचं. उतरायला सुरुवात करण्याआधीच गिअर तिसरा किंवा दुसरा करा आणि इंजिनला गाडी धरू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर कधीही उतरू नका, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. आता मी खंडाळ्याला गिअर खाली घेतो आणि काटा ५५ ला ठेवतो. डावीकडे अवजड ट्रक असतात, मागून हॉर्न वाजतात. आई मागे बसून डब्यातली चिक्की वाटत असते.